पालथ्या वाटीतलं मूळ

माझ्या बापानं मला पहिल्यांदा पाहिलं ते तेलाच्या वाटीत. मी मूळ नक्षत्रावर जन्मले, आणि मुळावरच्या लेकराचं तोंड शांती झाल्याशिवाय बापानं पाहायचं नसतं. बिचारा तोवर माझ्या आजोळच्या अंगणापर्यंत यायचा, आईसाठी आणलेले डिंकाचे लाडू ओट्यावर ठेवायचा आणि आतून माझं रडणं ऐकून परत फिरायचा. शांतीच्या दिवशी काशाच्या वाटीत तेल ओतलं, आईनं मला बापाच्या खांद्यामागून वाटीवर धरलं, आणि बापानं खाली मान घालून तेलात माझं तोंड पाहिलं. आधी तेलातलं, मग खरं. दोष काय असेल तो तेलातल्या तोंडापाशी संपून जातो, असा त्यामागचा विचार. बाप सांगायचा, तेलात तू काळी ढुस्स दिसत होतीस, वळून पाहिलं तर चांगली निघालीस, म्हणून जास्तच आनंद झाला.

लहानपणी ही गोष्ट आमच्या घरी हसत सांगितली जायची. माझं लग्नाचं वय झालं तसं ते हसू आटलं. मुळावरची मुलगी सासऱ्याला वाईट, हे आमच्या भागात शेंबड्या पोरालाही माहीत असतं. मी तेव्हा जालन्याच्या कॉलेजात बी.एस्सी. करत होते. स्थळं यायची, पोहे खायची, पत्रिका मागायची आणि मग त्यांचा फोन लागायचा नाही. मला राग फार, पण तो तोंडानं निघत नाही, भांड्यांवर निघतो. त्या वर्षी आईची चांगली पातेली माझ्यापायी चेपली.

मग मामा आले. मामा म्हणजे माझे सासरे. आमच्याकडे सासऱ्याला मामा आणि सासूला आत्याबाई म्हणतात. राजूर रस्त्याला त्यांचं गाव, मोसंबीची बाग, दोन गाई. माझ्या बापानं तोवरच्या अनुभवानं शहाणं होऊन पोहे यायच्या आधीच सांगून टाकलं की पोरगी मुळावरची आहे, पटत असेल तर बसा. मामा बसले. पोहे खाल्ले, वर आणखी मागितले आणि म्हणाले, "वाईट हाय ते मला हाय ना? मंग मलाच इचारा. मला चालतं." आत्याबाईंना ते एवढं सहज चाललं नाही. लग्नाआधी पुन्हा एक शांती करून घ्या, एवढं त्या म्हणाल्या. ती केली, आणि मी त्या घरात आले.

पुढची काही वर्षं कुणी मुळाचं नाव काढलं नाही. मुलगी झाली. नवरा जालन्याला सळईच्या कारखान्यात नोकरीला, रोज मोटारसायकलवर जाऊन येऊन. मी पुढच्या खोलीत गावातल्या पोरांच्या शिकवण्या घ्यायला लागले. आणि सकाळचा चहा माझ्याकडे होता. मामा उजाडायच्या आधी उठून अंगणात बाजेवर बसतात. मी भरपूर आलं घालून चहा न्यायचा, त्यांनी बशीत ओतून एक घोट घ्यायचा आणि "बराबर हाय" म्हणायचं. कधी घाईत केला असेल तर "आज पळून राह्यली का कुठं?" असं विचारायचं. दिवसभरात आमचं तेवढंच बोलणं, पण ते चुकलं तर दिवस सुरू झाल्यासारखा वाटायचा नाही.

मागच्या हिवाळ्यात मामा बागेत पाणी द्यायला गेले आणि पाइपावर हात ठेवून खालीच बसले. घामानं सदरा भिजला होता. जालन्याला नेलं, तिथून संभाजीनगरला नेलं, हृदयात जाळी बसवली. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं की तंबाखू, बीपी आणि साखर, तिघांनी मिळून हे केलंय. आम्ही सगळे बाहेर बाकड्यावर बसलो होतो. तिथं माझ्या एक चुलत सासूबाई होत्या. त्या सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या आवाजात म्हणाल्या, "सून मुळावरची हाय. कधी ना कधी हे व्हायचंच होतं."

मी आत्याबाईंकडे पाहिलं. त्यांनी ऐकलं होतं, त्यात शंका नव्हती. मला वाटलं आता त्या काहीतरी म्हणतील. हो म्हणतील किंवा गप बस म्हणतील. त्या काहीच म्हणाल्या नाहीत. पिशवीतून भाकरी काढली, चुलत सासूबाईंच्या हातावर ठेवली आणि खिडकीबाहेर पाहत बसल्या. मी जिन्यात जाऊन रडले. हृदयाच्या रक्तवाहिन्यांचा धडा मी पोरांना आकृती काढून शिकवते. त्यात नक्षत्राला कुठं जागा नाही हे मला पाठ आहे. पण पाठ असून उपयोग होत नव्हता. मामांना काही झालं असतं तर मी स्वतःलाच जन्मभर संशयानं पाहिलं असतं.

मामा घरी आले. पहिल्या सकाळी मी चहाचं आधण ठेवलं तर आत्याबाई मागे उभ्या. "राहू दे, मी देते," म्हणाल्या आणि माझ्या हातातली सांडशी घेतली. मला वाटलं, एवढं मोठं दुखणं झालंय, आज त्यांना स्वतःच्या हातानं द्यायचा असेल. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी मी लवकर उठले तर त्या माझ्याआधी उठलेल्या. मग मी आणखी लवकर, मग त्या आणखी लवकर. असं करत करत एक दिवस आम्ही दोघी गाईंच्या आधी उठलो, एकमेकींकडे पाहिलं, आणि मी माघार घेतली.

दुपारची भाकरी मामा माझ्या हातची खायचे. गोळ्या मीच द्यायचे, कारण आत्याबाईंना त्यांचे रंग लक्षात राहत नाहीत. फक्त सकाळचा पहिला चहा नाही. मग माझ्या ध्यानात आलं. दिवसाचं पहिलं तोंड माझं दिसू नये, एवढ्यासाठी हे चाललं होतं. नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, आईला झोप येत नाही म्हणून उठते, तू काहीही मनावर घेतेस. पुरुषांना आपल्या आईच्या बाबतीत एवढं साधं उत्तर नेहमी कसं सापडतं, मला माहीत नाही.

माझं भांडी आपटणंही त्या दिवसांत बंद झालं. राग यायला सुद्धा घर आपलं वाटावं लागतं. मी पाहुणीसारखी हळू हळू ताटं लावायला लागले. मामा एकदा बाजेवरून म्हणाले, "घरात भांड्याचा आवाज न्हाई काई न्हाई, मला वाटलं मी खपलोच का काय." सगळे हसले. आत्याबाईही हसल्या. मला मात्र तोंड फिरवून घ्यावं लागलं.

मे महिन्यात मामांना तपासणीला पुन्हा संभाजीनगरला न्यायचं होतं. आमच्या मुलीनं डोक्यात घेतलं होतं की दवाखान्याच्या शहरात तारांगण आहे, तिच्या वर्गातली एक मुलगी जाऊन आलीय, आणि तिथं दुपारी रात्र करतात. आजोबांचा रिपोर्ट चांगला आला तर जायचं, असं नवऱ्यानं कबूल केलं. त्यामुळे पोरगी वाटेत राजूरच्या गणपतीच्या दिशेनं हात जोडून आजोबांच्या तब्येतीसाठी एवढ्या मनापासून प्रार्थना करत होती की आत्याबाईंचे डोळे भरून आले. तिला काय हवंय हे मी सांगितलं नाही.

रिपोर्ट चांगला आला. डॉक्टर म्हणाले, गोळ्या चालू ठेवा, तंबाखूला शिवू नका, आता वर्षानं या. मामांनी लगेच आंब्याचं विचारून घेतलं आणि एक फोड कबूल करून घेतली. दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना माझे पाय हलके पडत होते. आपण वाचलो, असं मला वाटलं. मामा वाचले असं वाटायला पाहिजे होतं, पण मला आधी आपणच वाचलो असं वाटलं.

तारांगणाच्या इमारतीला मोठा पांढरा घुमट. तो पाहिल्याबरोबर आत्याबाईंनी दारात चपला काढल्या. त्यांचं पाहून मामांनी काढल्या, आणि त्या दोघांनी काढल्यावर आम्ही घालून कसं जाणार, म्हणून आम्हीही काढल्या. पाच जोड एका रांगेत. दारावरचा माणूस म्हणाला, आजी, इथं चालतात चपला. आत्याबाई म्हणाल्या, "असू द्या बाबा, आमाला सवय हाय." आमच्या मागून आलेल्या एका कुटुंबानं आमच्या चपलांकडे पाहिलं, आपसात काही बोलले आणि त्यांनीही बूट सोडायला घेतले.

आत थंडगार. खुर्च्या मागे कलणाऱ्या. मी आणि मुलगी एका बाजूला, मध्ये आत्याबाई, त्यांच्या पलीकडे मामा, शेवटी नवरा. मामांची खुर्ची कलली तसं त्यांनी हात छातीवर घेतले आणि म्हणाले, "दवाखान्यातली खाट अशीच व्हती." दिवे हळूहळू गेले. वर चांदण्या फुटल्या, पोरगी "आई गं" म्हणून माझ्या दंडाला चिकटली, सगळ्या खुर्च्यांमधून लोकांचा एकच श्वास ऐकू आला. खरं सांगायचं तर मी पहिला बराच वेळ आकाश पाहिलंच नाही. अंधारात मामांच्या सदऱ्याचा पांढरा रंग दिसत होता, तो वर-खाली होतोय ना, एवढंच मी पाहत होते. तो होत होता. मग मी मान वर केली.

माहिती सांगणारी एक तरुण बाई होती. आवाज गोड, मराठी स्वच्छ. तिनं शनीची कडी दाखवली, सप्तर्षी दाखवले, ध्रुव दाखवला. शेवटी म्हणाली, कुणाला काही विचारायचं असेल तर विचारा, एखादं नक्षत्र पाहायचं असेल तर सांगा, आपण दाखवू. पोरांनी मंगळ मागितला, चंद्र मागितला. तेवढ्यात मामा बोलले. त्यांचा आवाज बागेच्या या टोकाहून त्या टोकाला हाक मारायचा आवाज आहे, तो घुमटात कसा घुमला असेल ते काय सांगू.

"यंदा मृगाचं वाहन काय हाय?"

पंचांगात प्रत्येक पावसाळी नक्षत्राला वाहन असतं, बेडूक, म्हैस, हत्ती, आणि त्यावरून आमच्याकडे पावसाचा अंदाज बांधतात, हे त्या बाईला बहुतेक माहीत नव्हतं. ती म्हणाली, आजोबा, मृग नक्षत्राला आकाशात वाहन नसतं. पुढच्या रांगेतली पोरं हसली. नवऱ्यानं खुर्चीत अंग चोरलं. मला वाटलं संपलं.

"बरं, मंग ते मूळ दाखवा," मामा म्हणाले.

पाच महिने ज्या शब्दाभोवती सगळं घर पाय न वाजवता चालत होतं, तो मामांनी भर सभेत काढला होता. बाई खूश झाली. तिला हे येत होतं. आकाश गरकन फिरलं, दक्षिणेकडून वळणावळणाची चांदण्यांची एक ओळ वर आली. हा विंचू, म्हणाली, हे त्याचं डोकं, ही लाल चांदणी ज्येष्ठा, आणि इथं खाली शेपूट वळतं, नांगीपाशी, हे तुमचं मूळ.

नवऱ्याच्या बाजूनं खुसपुस ऐकू आली. मी वाकून पाहिलं. आत्याबाईंनी डोक्यावरचा पदर ओढून मामांच्या तोंडावर टाकला होता आणि वरून दोन्ही हातांनी दाबून धरला होता. मामा पदराखालून म्हणत होते, "अवं, जीव गुदमरून राह्यला." आत्याबाई सोडायला तयार नव्हत्या. वर विंचू आपला लटकलेला.

आणि मग आत्याबाईंनी असं काही केलं की मी त्यांना ओळखते असं मला पुन्हा कधी म्हणता येणार नाही. माझी सासू बँकेतल्या माणसाशीही मान खाली घालून बोलते. ती त्या अंधारात, शंभर लोकांत, मोठ्यानं म्हणाली, "बाई, एक सांगा. हे खरं मूळ हाय, का नुसतं दिसून राह्यलं?"

बाईला वाटलं आजींना यंत्राबद्दल विचारायचंय. ती म्हणाली, "खरं नाही आजी. ही फक्त त्याची प्रतिमा आहे, प्रतिबिंब म्हणा. मधल्या यंत्रातून छतावर पडलंय. खरं मूळ बाहेर, आकाशात. या दिवसांत पहाटे नैऋत्येला दिसेल तुम्हाला."

आत्याबाईंनी पदर काढून घेतला, नीट डोक्यावर घेतला, आणि मामांचा दंड धरून म्हणाल्या, "पाहा मंग. चांगलं निरखून पाहा."

मामांनी पाहिलं. बराच वेळ पाहिलं. "एवढुसंच हाय की," म्हणाले.

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. घुमट म्हणजे पालथी घातलेली वाटी. माझ्या बापानं तेलात माझं तोंड पाहिलं होतं, तसं आत्याबाईंनी मामांना आधी प्रतिबिंबात मूळ दाखवलं होतं. शांती झाली होती. तिकीट काढून, सगळ्यांच्या देखत, वातानुकूलित. मी विज्ञानाची पदवी घेतलेली बाई. या विचाराला मी खरं तर हसायला पाहिजे होतं. हसू तर आलंच नाही, उलट मी डोळे पुसायला लागले, आणि पोरगी विचारायला लागली, आई, तू विंचवाला घाबरलीस का.

बाहेर उन्हात आलो तर चपला होत्या तिथंच होत्या, शेजारी त्या कुटुंबाचे बूट. आवारात एका झाडाखाली सतरंजी टाकली. भाकरी, ठेचा, कांदा. मामा आणि नवरा पोरीला घेऊन पाणी आणायला गेले. आम्ही दोघीच राहिलो. आत्याबाई भाकरीचे तुकडे करत होत्या. मी ठरवलं नव्हतं, पण बोलून गेले. म्हटलं, त्या दिवशी दवाखान्यात चुलत आत्याबाई बोलल्या तेव्हा तुम्ही काहीच बोलला नाहीत, ते मला फार लागलं.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. "काय बोलायचं व्हतं मी?" म्हणाल्या. "खोटं हाय म्हणलं असतं आन् त्यांला काई झालं असतं, तर मंग?" मग त्यांनी हातातली भाकरी खाली ठेवली. "आन् ते चहाचं तुझ्या मनात हाय ना? तुझ्या हातचा चहा पिऊन त्या बाजेवर काई झालं असतं तर गावानं तुला जगू दिलं नसतं, माय. माझ्या हातचा पिऊन झालं असतं तर मी बायको हाय. मला कोण काय म्हणणार व्हतं?"

त्यात खरं किती आणि मला बरं वाटावं म्हणून किती, ते मी मोजत बसले नाही. भीती त्यांनाही होतीच. माझ्या नक्षत्राची होती, नाही असं मी म्हणणार नाही. पण त्या भीतीत त्यांनी मला एकटं टाकलं नव्हतं, स्वतः मध्ये उभ्या राहिल्या होत्या, हे मला त्या झाडाखाली पहिल्यांदा दिसलं. एखादी बाई रोज गाईंच्या आधी उठते ते आपल्याला लांब ठेवायला, असं मी पाच महिने समजून होते. मी त्यांच्या ताटात जास्तीचा ठेचा वाढला. त्यांना तिखट आवडतं.

येताना जुन्या जालन्यात गाडी थांबवायला लावली त्यांनी. गल्लीत गाडी जाईना, रिक्षा आणि दुचाक्यांची दाटी, म्हणून त्या स्वतः उतरून एका ठोक मालाच्या दुकानात गेल्या आणि चहापत्तीचा मोठा पुडा घेऊन आल्या. माझ्या मांडीवर टाकला. मी घालते ती कडक पत्ती होती, त्यांची नेहमीची नव्हती. मामा मागच्या सीटवर मान टाकून घोरत होते, आणि ते घोरणं ऐकत घरापर्यंत कधी आलो ते कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी सवयीनं मला जाग आली. स्वयंपाकघरात अंधार होता. चुलीपाशी कुणी नाही, गॅसपाशी कुणी नाही. मला आधी धास्तीच वाटली. आत्याबाईंच्या खोलीत डोकावले तर त्या भिंतीकडे तोंड करून पडलेल्या. डोळे मात्र टक्क उघडे.

"मामाचा चहा ठेव," त्या भिंतीलाच म्हणाल्या. "गाडीनं आंग दुखून राह्यलंय माझं."

मी आलं किसलं. नवा पुडा फोडला. साखर आता चालत नाही, म्हणून दोन वेलदोडे टाकले. हात पुसले, कप-बशी उचलली आणि बाहेर गेले.

मामा बाजेवर बसले होते, पण रोजच्यासारखे दाराकडे तोंड करून नाही. बागेकडे. अजून पुरतं उजाडलं नव्हतं. त्यांनी मागं न पाहताच हात वर केला. "ये. ते पाह्य. मोसंबीच्या वर. ती बाई म्हणली व्हती त्याच जागी हाय."

मी पाहिलं. विंचू तिरका होऊन मावळतीला झुकला होता, वळलेलं शेपूट झाडांच्या वर. नांगीपाशी दोन चांदण्या जवळ जवळ. वयाची एवढी वर्षं ज्याचं नाव माझ्या नावाला लागलेलं, ते मी पहिल्यांदा पाहत होते. मला त्याचा राग आला नाही. मामा म्हणाले तसं एवढुसंच होतं.

त्यांनी बशीत चहा ओतला, घोट घेतला आणि डोळे मिटले. "पाच महिने तुझ्या आत्याबाईचा काढा पिलो. डॉक्टरनं गोळ्या सांगितल्या व्हत्या, काढा कोणीच सांगितला नव्हता."

"मामा," मी विचारलं, "काल तुम्ही ते मुद्दाम विचारलं?"

"मंग काय," ते म्हणाले. "माझं ती चाळीस वर्षात कधी ऐकली न्हाई. म्हणलं, बाहेरच्या बाईचं ऐकती का पाहावं." त्यांनी आणखी एक घोट घेतला. "तिच्या मनातलं भ्याव मला दिसत व्हतं. तुझं तोंड बी दिसत व्हतं. आन् चहा तर मलाच प्यावा लागत व्हता ना."

मग ते वळून नीट माझ्याकडे पाहायला लागले. सकाळी सकाळी, तोंड न धुतलेलं, केस विस्कटलेले, तशीच मी उभी होते. मी मान खाली घालणार होते, पण घातली नाही. त्यांनी बापानं पाहावं तसं पाहिलं आणि म्हणाले, "जा आता, गाईला पाणी दाखव. उद्या आलं जरा कमी टाक."

मी आत आले. आत्याबाई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या, अंग दुखायचं विसरून. पातेल्यात उरलेला चहा मी त्यांना दिला. त्यांनी घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं. "एवढं आलं टाकती? मंग माझा त्यांला कुठून गोड लागंल," म्हणाल्या आणि तो सगळा पिऊन टाकला.

मी पातेलं मोरीत टाकलं. जोरात आपटलं. पोरगी आत दचकून उठली, नवरा काय झालं म्हणून ओरडला, अंगणातून मामांचं हसू ऐकू आलं. मग ताट आपटलं, तवा आपटला, एकेक करून सगळी भांडी घासायला काढली. रडत होते आणि आपटत होते. आत्याबाईंनी पदर खोचला आणि माझ्याशेजारी बसून भांडी विसळायला घेतली.